इंजिन आपली गरज स्वतःच सांगतं

दिल्लीहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या ए३५० विमानात जेवणाच्या गाड्या फिरू लागतात, तोवर पंखांखालच्या दोन्ही इंजिनांनी आपापले अहवाल पाठवलेले असतात. एक धावपट्टी सोडताना, एक वर चढताना, एक ठरलेली उंची गाठून विमान स्थिरावल्यावर. अहवाल अगदी आटोपशीर. तिन्ही शाफ्ट किती वेगाने फिरताहेत, टर्बाइनमधल्या वायूचं तापमान किती, तेलाचा दाब किती, इंधन किती जातंय, कंप किती आहे. ही ट्रेंट एक्सडब्ल्यूबी इंजिनं रोल्स-रॉइस कंपनीची. आकडे रेडिओवरून किंवा उपग्रहावरून जमिनीवर उतरतात आणि इंग्लंडमधल्या डर्बी शहरापर्यंत जातात. तिथे संगणकात त्या इंजिनाचं गणिती रूप तयार असतं. या उंचीवर, बाहेर एवढी थंडी असताना, इतक्या जोरावर चालणाऱ्या निरोगी इंजिनाचे आकडे काय यायला हवेत, ते हे रूप सांगतं, आणि आलेल्या आकड्यांशी त्याचा ताळा घेतला जातो. फरक थोडाच असला, पण एकामागून एक उड्डाणांत तो एकाच दिशेने सरकत असला, तर कुणीतरी इंजिनिअर त्या इंजिनाची फाइल उघडतो.

दुरुस्ती वेळेवर व्हावी म्हणून हे सगळं चालतं, असं आपण धरून चालतो, आणि ते खरंही आहे. पण या आकड्यांना पुढे आणखी एक वाट आहे आणि मला तीच जास्त थक्क करते. हजारो उड्डाणांमधून साठलेले आकडे अखेर एका यादीत जाऊन बसतात. पुढच्या पात्याने, पुढच्या सॉफ्टवेअरने, पुढच्या सेवा-कराराने काय केलंच पाहिजे, याची ती यादी. इंजिनिअर तिच्यातल्या प्रत्येक ओळीला रिक्वायरमेंट म्हणतात. पूर्वी ही यादी वस्तू जन्माला येण्याआधी लिहून पुरी होत असे. आता वापरात असलेली वस्तूच त्या यादीत भर घालत राहते. एखाद्या यंत्राने आपल्या वारसाने कसं असावं हे सांगावं, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना, ही गोष्ट जितकी उलगडत जाते तितकी विलक्षण वाटू लागते.

याची सुरुवात संगणकापासून झाली नाही, भाव लावण्याच्या पद्धतीपासून झाली. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या व्हायपर इंजिनासाठी एक नवा करार पुढे केला. हे इंजिन डी हॅविलँड १२५ या छोट्या बिझनेस जेटवर बसत असे. करार असा, की दुरुस्तीची आणि सुट्या भागांची काळजी तुम्ही करू नका. विमान जितके तास उडेल तितक्या तासांचे ठरलेल्या दराने पैसे द्या. 'पॉवर बाय द अवर' हे त्याचं नाव. १९६६ मध्ये रोल्स-रॉइसने ब्रिस्टल सिडली विकत घेतली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हीच कल्पना 'टोटलकेअर' या नावाने मोठ्या प्रवासी विमानांपर्यंत पोहोचली.

यात काय उलटलं ते पाहण्यासारखं आहे. आधीच्या पद्धतीत इंजिन एकदा विकलं जायचं आणि मग वर्षानुवर्षं सुट्या भागांवर कमाई व्हायची. इंजिन दुरुस्तीला आलं की कंपनीच्या खात्यात जमा. कुणाच्या मनात खोट असण्याचा प्रश्न नव्हता, हिशेबच तसा मांडलेला होता. तासाचा भाव लागला आणि तीच दुरुस्ती जमेच्या बाजूकडून खर्चाच्या बाजूला गेली. आता इंजिन पंखाखाली राहिलं तर कंपनीला पैसे, खाली उतरलं तर भुर्दंड. तापमान मोजण्याची साधनं तोवर होतीच. ती रोज वाचण्याचं कारण या कराराने दिलं.

वस्तू आणि तिच्याभोवतीची सेवा यांची मिळून एकच व्यवस्था बांधायची, या विचाराला १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अहवालाने शास्त्रीय चौकट दिली. पुढे सेन्सर आणि इंटरनेट स्वस्त झाले आणि या व्यवस्थेला 'स्मार्ट' हे विशेषण लागलं. लिफ्ट, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टर, रुग्णालयातलं स्कॅनर, सगळीकडे आता हा विचार पोहोचला आहे. विमानाच्या इंजिनाचं उदाहरण घ्यायचं ते अशासाठी, की तिथे चूक परवडत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरीची लेखी नोंद असते.

तर रिक्वायरमेंटची ती यादी. इंजिनाने अमुक इतका जोर द्यावा. पक्षी आत गेला तरी इंजिन सुरक्षित राहावं. अमुक इतक्या उड्डाणफेऱ्या टिकावं. अशा हजारो ओळी, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक, ती का घातली त्याचं कारण, ती पाळली गेली हे कोणत्या चाचणीने सिद्ध करायचं त्याचा पत्ता. ओळी एकमेकींना बांधलेल्या असतात. वजन कमी करण्याची ओळ बदलली की टिकाऊपणाच्या चार ओळी हलतात. म्हणून बदल करण्याआधी धागे मागे-पुढे ओढून पाहावे लागतात, आणि मोठ्या प्रकल्पात या एकाच कामासाठी माणसं नेमलेली असतात. पण या ओळी येतात कुठून? जपानमध्ये मित्सुबिशीच्या कोबे इथल्या जहाजबांधणी कारखान्यात १९७२ साली ग्राहकाची मागणी आणि तंत्रज्ञाचं उत्तर यांचा मोठा तक्ता मांडायची पद्धत वापरात आली. योजी अकाओ हे या विचाराचे एक प्रमुख शिल्पकार. पुढे जगभरच्या कारखान्यांनी तो तक्ता उचलला. उत्तम पद्धत, पण तिचा सगळा भार विचारण्यावर होता. ग्राहकाला विचारायचं, त्याने आठवून सांगायचं, आपण लिहून घ्यायचं. एमिरेट्सच्या किंवा एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला कितीही खोदून विचारलं तरी टर्बाइनच्या पात्यावर काय गुदरतंय ते तो सांगू शकणार नाही. त्याने ते कधी पाहिलेलंच नसतं.

असं एक पातं जवळून पाहू. ज्वलनकक्षातून सुटलेला वायू ज्या फिरत्या पात्यांवर पहिल्यांदा आदळतो ती हाय-प्रेशर टर्बाइनची पाती. पातं तळहातावर मावेल एवढं, निकेलच्या मिश्रधातूचं, आणि सबंध एकाच स्फटिकाचं. साध्या धातूत कणाकणांमध्ये सांधे असतात आणि तापलेला धातू तिथूनच ताणायला, तडकायला लागतो. या पात्यात तो सांधाच ठेवलेला नाही. ते मिनिटाला १२,००० हून अधिक फेरे घेतं. टेक-ऑफच्या वेळी असं एकेक पातं फॉर्म्युला वन शर्यतीतल्या एका गाडीइतकी शक्ती वायूतून काढून घेतं. आणि भोवतीचा वायू असतो त्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा निदान २०० अंश जास्त तापलेला.

तरी पातं वितळत नाही, कारण ते आतून पोकळ आहे. कॉम्प्रेसरमधून काढून घेतलेली त्यातल्या त्यात थंड हवा त्याच्या पोटातल्या नागमोडी वाटांनी फिरते, अंगावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर येते आणि पात्याभोवती हवेचा पातळ थर धरून ठेवते. वर सिरॅमिकचा लेप असतो. धातू, लेप आणि हवा या तिघांच्या जोरावर ते पातं जिवंत राहतं.

आता या हवेत धूळ आली. वाळवंटाच्या कडेवरच्या विमानतळांवर ती पिठासारखी बारीक असते आणि तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांची संयुगं असतात. ज्वलनकक्षाच्या उष्णतेत हे कण वितळतात आणि पात्यावर काचेसारखे बसतात. लेपाच्या भेगांत मुरतात, आणि थंड हवेची छिद्रं बुजवतात. दूध उतू गेल्यावर गॅसच्या बर्नरची छिद्रं बुजतात ना, तसंच. फरक इतकाच, की बर्नरची ज्योत तिथे मरते आणि पातं मात्र तिथे जास्तच तापतं. लेप सुटतो, कडा झिजतात, वायू निसटू लागतो. तोच जोर देण्यासाठी इंजिनाला जास्त इंधन जाळावं लागतं, आणि टर्बाइनमधल्या वायूचं तापमान हळूहळू वर सरकतं. डर्बीतल्या पडद्यावर दिसते ती ही सरकणारी रेघ.

एका इंजिनाची रेघ दुरुस्तीचा दिवस सांगते. शेकडो इंजिनांच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या की त्या वेगळंच काही सांगू लागतात. एकाच कारखान्यातली, एकाच वर्षी बनलेली दोन इंजिनं. एक उत्तर युरोपातल्या शहरांवर फिरतंय, दुसरं आखातात. पहिल्या काही महिन्यांत रेघा जुळतात, मग फाकत जातात. मूळ यादीत लिहिलेलं होतं, इंजिनाने इतक्या फेऱ्या टिकावं. ती ओळ चुकीची नव्हती, पण कोणत्या हवेत टिकावं हे तिच्यात नव्हतं. आकड्यांनी त्या एका ओळीच्या अनेक ओळी केल्या: या शहरांच्या हवेत इतकं, त्या शहरांच्या हवेत तितकं.

हे किती महाग पडू शकतं त्याचा अनुभव रोल्स-रॉइसने बोइंग ७८७ वर बसणाऱ्या ट्रेंट १००० इंजिनात घेतला. २०१६ मध्ये जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला आपली काही उड्डाणं रद्द करावी लागली, कारण टर्बाइनच्या मधल्या टप्प्यातली पाती गंजून तडकत होती. त्या गंजाच्या मुळाशी गंधकाची रासायनिक क्रिया होती. प्रयोगशाळेत पात्याने ताण सोसला होता, उष्णता सोसली होती. बाहेरच्या जगाने त्यात तिसरी गोष्ट मिसळली.

समजा, निष्कर्ष पक्का झाला. धूळ किंवा गंधक, त्यापासून पातं वाचायला हवं. इथे या सगळ्या व्यवस्थेतला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रश्न येतो: ही नवी ओळ कुणाच्या नावावर लिहायची? नुसती वस्तू विकणाऱ्याकडे एकच उत्तर असतं, वस्तू बदला. वस्तू आणि सेवा दोन्ही ज्याच्या हातात आहेत त्याच्याकडे तीन उत्तरं असतात. धातूने गरज भागवता येते, माणसाच्या हाताने भागवता येते आणि सॉफ्टवेअरनेही.

धातूची वाट लांब. पात्याचा आकार बदलायचा, ओतायचे साचे बदलायचे, चाचण्या घ्यायच्या, युरोपच्या आणि अमेरिकेच्या हवाई सुरक्षा संस्थांकडून मान्यता मिळवायची. ट्रेंट १००० साठी हाय-प्रेशर टर्बाइनचं सुधारलेलं पातं तयार झालं. त्याला आधीच्या पात्यापेक्षा ४० टक्के जास्त थंड हवा मिळते, आणि इंजिन पंखाखाली राहण्याचा काळ त्याने दुपटीहून अधिक होईल असं कंपनीचं म्हणणं आहे. त्याला मान्यता मिळाली २०२५ मध्ये. मधल्या वर्षांत विमानं उडतच होती.

त्या मधल्या काळात हात कामी येतो. विमान उभं असताना इंजिनाच्या गाभ्यात पाणी सोडून तो धुतात. बोअरस्कोप नावाचा नळीसारखा कॅमेरा आत सरकवून पाती एकेक करून तपासतात. हे किती दिवसांनी करायचं, हा आकडा पूर्वी सगळ्यांना सारखा असे. आता ज्या विमानाच्या मार्गात धुळीची शहरं जास्त, त्याची धुलाई लवकर, हे आकड्यांवरून ठरवता येतं. कामगाराच्या पाळीचं वेळापत्रकसुद्धा रिक्वायरमेंटच असतं, हे कबूल करायला यंत्र बनवणाऱ्या लोकांना बराच वेळ लागला असं मला वाटतं. ते कागदावर कमी प्रतिष्ठेचं दिसतं. पण पाती वाचवण्याचं काम तेही करतं.

आणि सॉफ्टवेअर. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासचं ३२ क्रमांकाचं उड्डाण सिंगापूरहून सिडनीला निघालं. ए३८० विमान, आत ४६९ माणसं. काही मिनिटांत, इंडोनेशियाच्या बाताम बेटावरून जात असताना, डाव्या बाजूच्या आतल्या इंजिनातली टर्बाइनची एक अख्खी तबकडी सुटून फुटली आणि तिचे तुकडे पंखातून आरपार गेले. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमान सिंगापूरला परत आणून सुखरूप उतरवलं. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेने कारण शोधलं: तेल नेणाऱ्या एका छोट्या नळीचं आतलं भोक मध्यापासून सरकून कोरलं गेलं होतं. नळीची भिंत एका बाजूला पातळ राहिली, तिथे तडा गेला, तेल गळलं, आग लागली, आणि शाफ्टपासून सुटलेली तबकडी बेफाम फिरून फुटली.

नळी बदलणं हे एक उत्तर होतं आणि ते अमलात आलंच. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या विमानाच्या ट्रेंट ९०० इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकासाठी नवं सॉफ्टवेअरही आलं. तबकडी हद्दीबाहेर वेग घेऊ शकेल अशी खूण दिसली, की ती फुटण्याआधीच इंजिन बंद करायचं, एवढंच त्याचं काम. एक नवी रिक्वायरमेंट आठवड्यांत लिहिली गेली, तपासली गेली आणि उडणाऱ्या विमानांपर्यंत पोहोचली. धातू जसाच्या तसा राहिला आणि इंजिनाला एक नवी समज आली. माझ्या मते आधुनिक अभियांत्रिकीतल्या फार मोठ्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि तिचा पुरेसा गौरव होत नाही.

आता आकड्यांच्या मर्यादेकडे वळायला हवं, कारण आकडे भरपूर आले म्हणजे गरज आपोआप कळते हा समज फार पसरला आहे. डर्बीमध्ये २०२१ पासून टेस्टबेड ८० नावाचं प्रचंड चाचणीगृह आहे. तिथे बांधलेल्या इंजिनाच्या १०,००० हून अधिक गोष्टी मोजता येतात आणि कंप सेकंदाला २,००,००० नमुन्यांपर्यंत टिपता येतो. उडणाऱ्या ट्रेंट इंजिनावर कायमचे सेन्सर साधारण दोन डझन. एवढा फरक असायला कारणं आहेत. प्रत्येक सेन्सरला वजन असतं, तार असते, आणि तो स्वतःही बिघडतो. तापमान मोजणारा थर्मोकपल म्हातारा झाला की खोटं बोलू लागतो, आणि निरोगी इंजिन आजारी दिसतं. म्हणजे काय मोजायचं हे आधीच, इंजिन जन्मण्यापूर्वी, ठरवावं लागतं. जे मोजायचं नाही असं ठरलं त्याबद्दल इंजिन आयुष्यभर गप्प राहणार.

शिवाय आकड्याला संदर्भ लागतो. लांब धावपट्टी आणि हलकं विमान असेल तर वैमानिक पूर्ण जोर न लावता उड्डाण करतात, आणि त्याने पाती जास्त टिकतात. दोन विमान कंपन्यांच्या इंजिनांत फरक दिसला, तर तो धुळीचा की उड्डाणाच्या सवयीचा, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी हवामानाच्या नोंदी, मार्ग, वजन, दुरुस्तीखान्यात उघडलेल्या पात्यांचे फोटो, सगळं एकत्र मांडून बसावं लागतं. दुरुस्तीखान्यातल्या मेकॅनिकने शेऱ्यात लिहिलेली एक ओळ कधी कधी हजार उड्डाणांच्या आलेखाचा अर्थ लावून देते. आणि ग्राहकाचा आवाज तर हवाच. नोव्हेंबर २०२३ च्या दुबई एअर शोमध्ये एमिरेट्सचे अध्यक्ष टिम क्लार्क यांनी जाहीरपणे सांगितलं, की ए३५०-१००० चं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी-९७ इंजिन आपल्याला हवं तितका काळ पंखाखाली टिकत नाही, म्हणून ते विमान आपण घेणार नाही. आखातात इंजिन किती झिजतं हे डर्बीच्या पडद्यांवर दिसतच असणार. पण किती झीज चालेल आणि किती नाही, हे कोणताही सेन्सर सांगू शकत नाही. ते धंदा चालवणारा माणूसच सांगतो. त्यानंतर कंपनीने आखातातल्यासारखी धूळ मुद्दाम इंजिनात सोडून चाचण्या घेतल्या. आकड्यांनी प्रश्न कुठे आहे ते दाखवलं, आणि तो सोडवायला किती घाई आहे ते माणसाने.

 

इंजिनाच्या गोष्टीत गरज काय आहे याचा अंदाज तरी असतो: ते टिकावं. पण कुणाच्याच मनात नसलेली गरज आकड्यांतून वर आली, असंही घडतं. त्यासाठी जपानमधल्या कोमात्सुकडे जायला हवं. एक्स्कॅव्हेटर, बुलडोझर, डंपर बनवणारी ही कंपनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये चोरट्यांनी एक नवी युक्ती काढली होती. बांधकामावरचा एक्स्कॅव्हेटर पळवायचा आणि त्याच्या बकेटने एटीएम उखडून न्यायचं. कोमात्सुने यंत्रात जीपीएस बसवलं, म्हणजे चोरी झाली तर यंत्र सापडेल आणि इंजिन दुरून बंद करता येईल. यादीतली ओळ एवढीच होती: चोरीला आळा. या व्यवस्थेचं नाव कोमट्रॅक्स, आणि २००१ पासून जपानमध्ये ती यंत्रांबरोबरच येऊ लागली, वेगळे पैसे न देता.

पण यंत्र कुठे आहे हे सांगताना ते किती तास चाललं आणि किती डिझेल प्यायलं हेही सांगू लागलं. त्या तासांवरून सर्व्हिस कधी करायची ते कळलं. इंजिन चालू आणि यंत्र नुसतंच उभं, असा वेळ किती जातो तेही दिसलं, आणि मग तो वेळ चालकाला दाखवणं, डिझेल वाचवायला मदत करणं या नव्या ओळी यादीत आल्या. हप्ते थकले तर इंजिन दुरून बंद करता येतं, याचाही उपयोग झाला. चीनमध्ये २००४ साली सरकारने कर्जपुरवठा आवळला, तेव्हा यंत्रांचे चालण्याचे तास घसरताना कोमात्सुला दिसले. बाजारातून बातमी येण्याआधीच कंपनीने तिथलं उत्पादन थांबवलं आणि न विकल्या जाणाऱ्या यंत्रांचा ढीग टळला. चोर पकडायला बसवलेली पेटी एका देशाच्या बांधकामाची नाडी मोजत होती.

दुरून बंद करता येणारं यंत्र नेमकं कुणाचं, हा प्रश्न इथे येतोच, आणि तो मला टाळावासा वाटत नाही. पैसे मोजणारा एक, चालवणारा दुसरा, आणि आकडे जातात तिसऱ्याकडे. तिसऱ्याला त्या आकड्यांवरून पुढची वस्तू घडवता येते, पुढचा भाव ठरवता येतो. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जोडलेल्या यंत्राने तयार केलेला डेटा वापरणाऱ्याला मिळालाच पाहिजे, आणि त्याने सांगितलं तर दुसऱ्या दुरुस्तीवाल्यालाही द्यायला हवा, हा त्याचा गाभा. भारताचा २०२३ चा कायदा व्यक्तिगत माहितीपुरता आहे; एक्स्कॅव्हेटरचे तास किंवा लिफ्टचे फेरे त्यात मोडत नाहीत. आपल्याकडे ट्रॅक्टर, कॉम्प्रेसर, पंप सगळे बोलके होऊ लागले आहेत. त्यांचं बोलणं शेतकऱ्याला आणि छोट्या कारखानदारालाही ऐकू यावं, ही ओळ त्या यंत्रांच्या यादीत आत्ताच पडायला हवी, कारण नंतर ती घुसवणं फार अवघड जातं.

कोमात्सुची गोष्ट मात्र चीनमध्ये संपत नाही. २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच पातं वर-खाली करून नकाशाबरहुकूम जमीन सपाट करणारा बुलडोझर आणला, आणि पुढच्याच वर्षी तसाच एक्स्कॅव्हेटर. यंत्रं अफलातून होती. नवशिका चालकही कसलेल्या चालकाइतकं नेमकं काम करू लागला. ती जपानमधल्या साइटवर गेली, आणि अपेक्षा अशी, की काम झपाट्याने पुरं होणार. तसं झालं नाही. यंत्र आपलं काम वेगाने उरकत होतं, पण उकरलेली माती न्यायला डंपर वेळेवर नव्हते. त्याहून आधी, किती माती उकरायची आहे याचा मुळातला अंदाजच कच्चा होता, कारण जमिनीची मोजणी हाताने, ठरावीक अंतरावरच्या मोजक्या बिंदूंवर झालेली असे. अडथळा यंत्राच्या आधी होता आणि यंत्राच्या नंतर होता. ग्राहकाला जलद एक्स्कॅव्हेटर नको होता, त्याला पुरी झालेली साइट हवी होती.

ही ओळ लिहिली गेली आणि तिचं उत्तर पोलादात नव्हतंच. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोमात्सुने जपानमध्ये 'स्मार्ट कन्स्ट्रक्शन' ही सेवा सुरू केली. एक्स्कॅव्हेटर बनवणाऱ्या या कंपनीच्या नव्या सेवेत साइटवर सगळ्यात आधी जातं ते ड्रोन. ते जमिनीचे फोटो घेतं, त्यावरून लाखो बिंदूंचा त्रिमिती नकाशा बनतो, आणि तो आराखड्यावर ठेवला की कुठली किती माती काढायची आणि कुठे किती भरायची हे काम सुरू होण्याआधीच कळतं. त्यावरून डंपर किती लागतील आणि कोणत्या दिवशी, ते ठरतं. मग एक्स्कॅव्हेटर येतो, आणि प्रत्येक बकेटबरोबर बदलत जाणारा जमिनीचा आकार तो त्याच नकाशात भरत जातो.